'कुकी'चा 'कुक'शी संबंध नाही

अनेकदा फिरणारा एक फॉरवर्ड सांगतो : 'कुक' म्हणजे शिजवणे, म्हणून 'कुकी'. ऐकायला पटतं, स्पेलिंगही जुळतं. पण हा शब्द डच भाषेतून आलाय.

डचमध्ये केकला 'कूक' म्हणतात. त्याला लहान आकार दाखवणारा '-ये' प्रत्यय लावला की 'कूक्ये', म्हणजे छोटा केक. आपण घराचं घरकुल करतो ना, तसंच. आजचं न्यूयॉर्क 1664 पर्यंत डचांचं न्यू ॲमस्टरडॅम होतं. तिथल्या डच वस्तीतून शब्द अमेरिकन इंग्रजीत शिरला. म्हणून तर अमेरिकेत 'कुकी' आणि इंग्लंडमध्ये मात्र बहुधा 'बिस्किट'.

इंग्रजी 'कुक' वेगळ्याच वाटेनं, लॅटिनमधून आला. डचमध्ये शिजवणे म्हणजे 'कोकेन', आचारी म्हणजे 'कोक'. केकवाल्या 'कूक'पासून दोन्ही वेगळे. पडताळायचं असेल तर व्युत्पत्ती देणारा कुठलाही मोठा इंग्रजी कोश उघडा आणि 'कुक' व 'कुकी' या नोंदी शेजारी ठेवून वाचा.

गंमत अशी, की 'कुक'चं खरं नातं 'बिस्किट'शी निघतं! ते लॅटिनच्या 'दोनदा भाजलेलं' या अर्थाच्या शब्दांवरून आलंय, आणि त्यातलं 'भाजणं' व 'कुक' यांचं मूळ एकच.