एक बॅकटिक की दोन? मार्कडाऊन आणि आरएसटीमधली गफलत

मार्कडाऊन आणि आरएसटी म्हणजे साध्या मजकुरातच खुणा घालून ठळक, तिरकं, कोड असं दाखवायच्या दोन पद्धती. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या आरएफसी, म्हणजे भाषेत बदल सुचवणारे प्रस्ताव, मार्कडाऊनमध्ये लिहितात, स्विफ्ट भाषेचे इव्होल्यूशन प्रस्तावही मार्कडाऊनमध्येच. पायथॉनचे असेच प्रस्ताव, म्हणजे पेप, मात्र रीस्ट्रक्चर्डटेक्स्टमध्ये, म्हणजे रोजच्या बोलण्यातल्या आरएसटीमध्ये. कच्ची फाईल लांबून पाहिली तर दोन्ही सख्ख्या बहिणी वाटतात. *एक तारा* म्हणजे तिरकं, दोन तारे म्हणजे ठळक, हे दोन्हीकडे सारखंच. इतकं जुळल्यावर बाकीचंही जुळत असेल असं आपण धरून चालतो, आणि डिझाइनच्या कागदपत्रांची साफसफाई करणाऱ्याचा वेळ तिथेच जातो.

वयाने आरएसटी थोरली. डेव्हिड गुडजर यांनी २००२ मध्ये पेप २८७ लिहून पायथॉनच्या डॉकस्ट्रिंगसाठी, म्हणजे कोडमध्येच लिहिलेल्या माहितीसाठी, ती सुचवली. त्याआधीचे पेप साध्या मजकुरात होते, ते पुढे आरएसटीत आणले गेले. जॉन ग्रूबर यांचं मार्कडाऊन २००४ चं. त्याचे नियम नेमके लिहून काढणारं कॉमनमार्क आलं ते थेट २०१४ मध्ये. आज बहुतेकांची बोटं मार्कडाऊनवर घडलेली असतात आणि पेप लिहितानाही ती जुन्याच सवयीने चालतात.

सगळ्यात मोठी गफलत बॅकटिकची, म्हणजे ` या खुणेची. मार्कडाऊनमध्ये `यादी` असं एका बॅकटिकात लिहिलं की तो कोड होतो. आरएसटीत कोडला दोन लागतात: ``यादी``. तिथे एका बॅकटिकातला मजकूर ‘काहीतरी अर्थ असलेला मजकूर’ समजला जातो. कुठला अर्थ ते सांगितलं नसेल, तर डॉक्यूटिल्स हे आरएसटीचं पान तयार करणारं साधन त्याला एखाद्या पुस्तकाचं नाव समजून तिरकं छापतं. चूक नाही, इशारा नाही, पान नीट तयार होतं. ओरडणारी चूक त्याच दिवशी दुरुस्त होते. ही गप्प चूक वर्षानुवर्षं पानात राहते.

तिरकं दिसलं तर बिघडलं काय, असं कुणी विचारेल. बातमीच्या मजकुरात काही बिघडत नाही. भाषेच्या डिझाइनमध्ये मात्र एखादा शब्द कीवर्ड आहे की वाक्यातला साधा शब्द, हे फॉन्टच सांगतो. त्यात स्फिंक्स या कागदपत्रं तयार करणाऱ्या साधनाची स्मार्टक्वोट्स ही सोय चालू असेल, तर कोड नसलेल्या मजकुरातली सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात आणि दोन हायफनांची एक लांब रेघ होते. एका बॅकटिकात लिहिलेला कमांडचा पर्याय वाचकाने जसाच्या तसा टर्मिनलमध्ये चिकटवला की तो चालत नाही. बिचारा दोष स्वतःलाच देतो.

मग सगळ्या एकेरी बॅकटिकांच्या दुहेरी करून टाकू? फाइंड-रिप्लेसला इथे हात लावू नका. आरएसटीत एकेरी बॅकटिकची रास्त कामंही आहेत. :पेप:`८` असा रोल (मजकुराचा अर्थ सांगणारी खूण) लिहिला की त्या पेपची लिंक तयार होते, आणि `मजकूर <पत्ता>`_ ही तर तिथली नेहमीची लिंक. सरसकट बदल केला की हे दोन्ही मोडतात. पायग्रेप-हुक्स या तयार तपासण्यांच्या संचात चुकीचे एकेरी बॅकटिक शोधणारी तपासणी आहे. ती प्री-कमिटला, म्हणजे बदल जमा होण्याआधी आपोआप चालणाऱ्या तपासण्यांना, जोडावी आणि एकेक जागा डोळ्यांनी पाहून बदलावी. कंटाळवाणं आहे, पण दुसरा रस्ता मला तरी माहीत नाही.

अंडरस्कोअरची गंमत दोन्हीकडे वेगळी. मार्कडाऊनमध्ये __इनिट__ उघडं लिहिलं की चारही रेघा गायब आणि शब्द ठळक. आरएसटीत शेवटचा अंडरस्कोअर म्हणजे लिंक. कीवर्डशी टक्कर नको म्हणून पायथॉनवाले रोमन लिपीतल्या ‘क्लास’ या शब्दाच्या शेवटी एक अंडरस्कोअर जोडतात. तो शब्द बॅकटिकाशिवाय लिहिला तर ‘असं लक्ष्य सापडत नाही’ अशी तक्रार येते. उघड्या *आर्ग्सवरही आरएसटी कुरकुरते, मार्कडाऊन तो निमूट छापतं.

कोडच्या तुकड्यासाठी मार्कडाऊनवाले तीन बॅकटिकांचं कुंपण घालतात. आरएसटीला ते कुंपण कळतच नाही. ओळी एकमेकींना चिकटून वाहू लागतात, आणि ज्या भाषेत इंडेंटेशन हाच अर्थ तिच्या कागदपत्रात यापेक्षा वाईट काय व्हायचं! तिथे परिच्छेदाच्या शेवटी दोन कोलन, मग रिकामी ओळ, मग आत सरकवलेला कोड अशी रीत आहे.

ही सफाई स्वतंत्र कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या वेगळ्या नोंदीत, ठेवावी. स्वीकारलेल्या किंवा फायनल झालेल्या पेपच्या आशयाला सहसा हात लावत नाहीत, तो इतिहासाचा कागद. बॅकटिक बदलता बदलता एखादं ‘असावं’ ‘असलंच पाहिजे’ झालं, तर जुना-नवा मजकूर शेजारी दाखवणाऱ्या शंभर ओळींच्या डिफमध्ये ते कुणाला दिसणार?

आता मराठीत लिहिणाऱ्यांसाठी खास अडचण, जी इंग्रजी मार्गदर्शिकांत सापडायची नाही. आपण प्रत्यय शब्दाला चिकटवतो. मार्कडाऊनमध्ये `यादी`मध्ये बिनतक्रार चालतं. आरएसटीत ``यादी``मध्ये चालत नाही, कारण शेवटच्या बॅकटिकांनंतर मोकळी जागा किंवा विरामचिन्ह हवं असतं. समोर ‘म’ दिसला की खूण बंद झालीच नाही असं ती धरते. मधे बॅकस्लॅश आणि एक स्पेस टाकली की सुटतं, पण कच्चा मजकूर वाचवत नाही. डॉक्यूटिल्समध्ये हा नियम सैल करणारी सेटिंग आहे, ती मुळात बंद असते.

म्हणून मार्कडाऊनने फार हुरळून जाऊ नये. तिथे **यादी**मध्ये ठीक, पण **यादी()**मध्ये लिहून पाहा: तारे तसेच छापले जातात. शेवटच्या ताऱ्यांच्या आधी कंस आणि नंतर लगेच अक्षर आलं की कॉमनमार्कच्या नियमाने ती खूण बंद करणारी ठरत नाही. कंसाऐवजी बॅकटिक असला तरी तेच. आणि ताऱ्याऐवजी अंडरस्कोअर वापरला तर _यादी_मध्ये सुद्धा तिरकं होत नाही.

दोन्हीकडे चालणारा उपाय आपल्याकडे आधीपासून आहे. परक्या लिपीतल्या शब्दाला प्रत्यय जोडताना कित्येक जण मधे छोटी रेघ देतात. ``यादी``-मध्ये आरएसटीला चालतं, **यादी()**-मध्ये मार्कडाऊनला. शुद्धलेखनवाले नाक मुरडतील, पान मात्र नीट छापलं जाईल.