पंखा, झिंक आणि बार्नकल

मे अखेरीस मासेमारी बंद व्हायच्या सुमाराला किनाऱ्यावर ओढलेल्या एखाद्या ट्रॉलरच्या मागे जाऊन उभं राहा आणि पंखा पाहा. कोकणात प्रोपेलरला पंखाच म्हणतात. नवा आणतात तेव्हा तो सोन्यासारखा पिवळा, लखलखीत असतो. आता पात्यांच्या टोकांवर त्यातली थोडी चमक उरलेली दिसेल. मध्यभागी मात्र, जिथे पाती शाफ्टला, म्हणजे इंजिनाकडून येणाऱ्या फिरत्या दांड्याला, मिळतात तिथे, पांढऱ्या टोकदार शंकूंची दाटी असेल. त्यावरून हात फिरवला तर कातडी सोलून निघते. हे बार्नकल. दिसायला शिंपल्याचे भाऊ, पण नातं खेकडा-कोळंबीशी. चार्ल्स डार्विनने आयुष्यातली आठ वर्षं याच प्राण्यांच्या अभ्यासात घालवली होती.

समुद्रात कुठलीही नवी वस्तू सोडली की काही मिनिटांतच पाण्यातल्या सेंद्रिय रेणूंचा पातळ थर तिच्यावर बसतो. काही तासांत त्यावर जिवाणू येतात, दिवसांत बुळबुळीत साय धरते, मग शेवाळ, नळीतले किडे, बार्नकल. बार्नकलची शेवटच्या टप्प्यातली अळी काही खात नाही. अंगात साठवलेल्या शिदोरीवर जगत, डोक्यावरच्या मिशांसारख्या दोन शृंगिकांनी पृष्ठभाग चाचपत ती हिंडते. जागा पसंत पडली की सिमेंट सोडते आणि डोकं खाली चिकटवून घेते. पुढचं सगळं आयुष्य पाय वर करून, त्या पायांनीच अन्न गाळून खायचं. ते सिमेंट पाण्याखाली, ओल्या धातूवर घट्ट धरतं.

मग गरागरा फिरणाऱ्या पंख्यावर ही अळी टिकते कशी? साधा हिशेब करू. एक मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला ५०० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी सुमारे ९४ किलोमीटर वेगाने पाणी कापत असतं. पण मधला २० सेंटिमीटरचा गड्डा धरला तर त्याच्या पृष्ठभागाचा वेग ताशी जेमतेम १९ किलोमीटर भरतो. शिवाय हे इंजिन चालू असतानाचं. बोट खाडीत नांगरून पडली की सगळाच पंखा स्थिर, आणि अळ्यांना तेवढी सवड पुरते. म्हणून रोज समुद्रात जाणाऱ्या बोटीपेक्षा बांधून ठेवलेल्या बोटीचा पंखा लवकर भरतो.

पंख्याचं क्षेत्रफळ बोटीच्या तळाच्या मानाने अगदी लहान, पण तिथला खडबडीतपणा फार महाग पडतो. पातं हे विमानाच्या पंखासारखं काम करतं, त्याच्या गुळगुळीत वक्रतेवर सगळा रेटा अवलंबून असतो. खरखरीत झालं की फिरवायला जास्त जोर लागतो आणि रेटा मात्र कमी मिळतो. इंजिनवर ताण येतो, धूर काळा होतो, डिझेल जळतं. एका पात्यावर वाढ जास्त, दुसऱ्यावर कमी असेल तर शाफ्ट थरथरतो. कठीण कवचाचे तुकडे शाफ्टच्या रबरी बेअरिंगमध्ये शिरले की तेही खराब होतं.

आता या विषयातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट. पंखा कांस्याचा किंवा पितळी मिश्रधातूचा असतो, म्हणजे त्यात भरपूर तांबं असतं. तांबं सागरी जीवांना विषारी. मग तांब्याच्या पंख्यावर जीव धरावा कसा? याचं उत्तर शाफ्टवर नटबोल्टने आवळलेल्या जस्ताच्या तुकड्यात आहे. खलाशी त्याला नुसतं झिंक म्हणतात. खाऱ्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना जोडलेले असले की त्यांची विद्युतघट तयार होते आणि त्यातला जास्त क्रियाशील धातू झिजतो. झिंक स्वतः झिजून पंख्याला वाचवतं. पण तांब्याचं विष कधी काम करतं? ते थोडं थोडं विरघळत राहिलं तरच. झिंकने झीज थांबवली की विषही थांबतं.

हे कोडं दोनशे वर्षांपूर्वीच समोर आलं होतं. लाकडी जहाजांना किडा लागू नये आणि शेवाळ धरू नये म्हणून ब्रिटिश आरमार तळाला तांब्याचे पत्रे ठोकत असे. ते पत्रे झिजत. १८२४च्या सुमारास ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने त्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. आपल्याकडे कोचीनला सागवानात बांधलेलं 'सॅमरँग' हे त्या प्रयोगातल्या जहाजांपैकी एक. तांबं वाचलं, डेव्हीचं विज्ञान अचूक ठरलं. पण वाचलेल्या तांब्यावर शेवाळ आणि बार्नकल माजले, जहाजं मंदावली आणि आरमाराने काही वर्षांतच ते तुकडे काढून टाकले. डेव्हीला हे अपयश फार लागलं. मला मात्र तो प्रयोग अपयशी वाटत नाही. आज जगभर पाण्याखालचं पोलाद त्याच तत्त्वावर टिकून आहे.

म्हणून पंखा स्वच्छ राहावा यासाठी झिंक काढून टाकणं हा उपाय नव्हे. ते काढलं तर पितळी पंख्याच्या मिश्रधातूतलंच जस्त निघून जातं आणि मागे गुलाबी, ठिसूळ धातू उरतो. शाफ्टचं दुखणं तर आणखी वेगळं आहे. स्टेनलेस स्टीलला गंज चढत नाही तो त्यावरच्या अदृश्य ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे, आणि तो पापुद्रा टिकायला पाण्यातला प्राणवायू लागतो. बार्नकलच्या बुडाखाली प्राणवायू पोचत नाही. तिथे पापुद्रा फुटतो आणि खोल, बारीक खड्डे पडतात. वरून चकचकीत दिसणारा शाफ्ट आतून पोखरला जातो.

तळाला लावतात तो विषारी रंग पंख्यावर टिकत नाही. टोकांजवळ पाण्याचा दाब इतका घसरतो की वाफेचे बुडबुडे होतात, ते फुटताना रंग उखडतात. एकेकाळी कथिलाची संयुगं असलेले रंग फार प्रभावी ठरले होते, पण त्यांनी फ्रान्सच्या आर्काशों उपसागरातली कालवं विद्रूप केली आणि गोगलगायींच्या माद्यांना नरांचे अवयव फुटू लागले. २००८पासून जहाजांवर त्यांना आंतरराष्ट्रीय बंदी आहे, आणि ती व्हायलाच हवी होती.

आता पंख्यासाठी सिलिकॉनचे लेप मिळतात. त्यांत विष नसतं. पृष्ठभाग मऊ आणि निसरडा असतो, बार्नकल चिकटतो पण पकड धरत नाही, पंखा फिरू लागला की निखळतो. धातू नीट घासून, खास प्रायमर लावूनच हा लेप बसतो, आणि जाळ्याचा दोर गुंतला की ओरखडतो. लेप लावताना झिंक तेवढं उघडं सोडायचं. त्याला रंग लागला तर ते निकामी होतं. आउटबोर्ड, म्हणजे मागच्या बाजूला बाहेर टांगलेल्या, इंजिनाच्या फायबर होड्यांना सगळ्यात सोपा उपाय मोफत आहे: काम झालं की इंजिन तिरपं करून पंखा पाण्याबाहेर काढून ठेवायचा. त्या इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात उतरणारा खालचा भाग, ॲल्युमिनियमचा असतो, त्यावर तांब्याचा रंग कधीच लावू नये, तो ॲल्युमिनियम खाऊन टाकतो.

मोठ्या बोटींना घासण्यावाचून सुटका नाही. बोट वर ओढली की त्याच दिवशी, वाढ ओली असतानाच ती काढावी. वाळल्यावर दुप्पट मेहनत पडते. लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडावं, छिन्नीने नव्हे. शंकू निघाल्यावर धातूवर पांढरी गोल चकती उरते, तीही घासून काढावी. बार्नकलच्या अळ्या आपल्याच जातीच्या खुणा शोधत येतात, आणि ऑगस्टमध्ये बोट पाण्यात उतरली की ती चकती त्यांना पहिली सापडते.