रोंडो

रोंडो : फुटबॉलच्या सरावातला एक छोटा खेळ. चौकोनाच्या कडांवर किंवा रिंगणात उभे असलेले खेळाडू आपसांत पास देत चेंडू स्वतःकडे राखतात आणि मध्ये असलेले एक-दोघे तो हिसकावायला धावतात. मुलांच्या भाषेत सांगायचे तर मधल्यावर राज्य असते. शब्द स्पॅनिश आहे. इटलीत याच खेळाला तोरेल्लो म्हणतात, ब्राझीलमध्ये बोबिन्यो. मोठे संघ सामन्याआधी अंग गरम करताना तो हसतखेळत खेळतात, त्यामुळे ही निव्वळ गंमत आहे असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात नऊ-दहा वर्षांच्या मुलाला डावपेच शिकवण्यासाठी याहून कमी खर्चाचे आणि नेमके साधन क्वचितच सापडेल. अट एकच, तो पासिंगचा नव्हे, निर्णयाचा सराव म्हणून घ्यायला हवा.

पायाच्या आतल्या बाजूने चेंडू सरळ ढकलता येणे हे तंत्र झाले. तो कोणाला, कधी आणि कोणत्या पायावर द्यायचा, हा डावपेच. दोन मुले समोरासमोर उभी करून पन्नास पास घेतले तर तंत्र सुधारते, पण समोर प्रतिस्पर्धीच नसल्याने निवड करण्याची वेळ येत नाही. रोंडोत प्रत्येक पासाला निवड करावी लागते.

या सरावाला शिस्तबद्ध रूप देण्याचे श्रेय सहसा स्पॅनिश प्रशिक्षक लौरेआनो रुइझ यांना दिले जाते. १९७०च्या दशकात बार्सिलोनाच्या युवा संघांकडे त्यांनी तो आणला. १९८८ ते १९९६ या काळात योहान क्रायफ मुख्य प्रशिक्षक होते, तेव्हा तो क्लबच्या रोजच्या सरावाचा कणा बनला. गोलवर फटका मारणे सोडले तर सामन्यातले सगळे काही रोंडोत करता येते, असे क्रायफ यांचे म्हणणे होते. क्लबच्या ला मासिया या युवा केंद्रातून पुढे प्रशिक्षक म्हणून गाजलेले पेप ग्वार्दिओला घडले. पुढे मेस्सी, इनिएस्ता आणि चावीही तिथूनच आले, आणि वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला दिल्या जाणाऱ्या बालों द'ऑर पुरस्काराचे २०१०चे पहिले तीन क्रमांक या तिघांचे होते. एका सरावप्रकाराने असे खेळाडू घडत नाहीत हे उघड आहे, पण लहानपणापासून रोज रोंडो खेळलेल्यांची ही पिढी होती.

मांडणी

सुरुवात चारास एक या प्रकाराने करतात. दहा वर्षांच्या आसपासच्या मुलांसाठी ८ बाय ८ मीटरचा चौकोन चार मार्करांनी आखावा. चौघे चार कडांवर, एक मध्ये. मुलांना कोपऱ्यात उभे करू नये. कडेच्या मध्यावर उभा असलेला मुलगा डावीकडे-उजवीकडे सरकू शकतो, कोपऱ्यातला मात्र खिळून राहतो. बारा वर्षांपर्यंत चार नंबरचा चेंडू पुरतो. प्रशिक्षकाच्या पायाशी चार-पाच जादा चेंडू असावेत, म्हणजे चेंडू बाहेर गेला की लगेच दुसरा आत टाकता येतो. बाहेर गेलेल्या चेंडूमागे मुले पळत राहिली तर सरावाचा निम्मा वेळ त्यातच जातो.

मधला ४० सेकंदांनी बदलावा. ज्याची चूक त्याच्यावर राज्य ही पद्धत रूढ आहे, पण लहान मुलांमध्ये ती टाळलेली बरी. तिच्यामुळे सर्वांत कच्चा मुलगा बराच वेळ मध्येच राहतो, दमतो, आणि ज्याला पासचा सराव सर्वाधिक हवा त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो. दोन मिनिटे खेळ, अर्धा मिनिट विश्रांती, अशा चार-पाच फेऱ्या पुरेशा होतात. वीस मुले आली असतील तर चार चौकोन आखावेत. एकच चौकोन करून बाकीच्यांना रांगेत उभे करणे ही युवा प्रशिक्षणातली सर्वांत जुनी आणि सर्वांत महागात पडणारी सवय आहे.

चौकोनाचे माप हा खरा नियंत्रक. सलग आठ-दहा पास आरामात होत असतील तर कडा एक मीटरने आत घ्याव्यात, तीन पासांच्या पुढे गाडी जात नसेल तर बाहेर न्याव्यात. टचचे बंधन, म्हणजे पास देण्याआधी चेंडूला किती वेळा पाय लावायचा याची मर्यादा, हा त्यानंतरचा उपाय. नवशिक्यांना एकाच टचचे बंधन घातले की मुले न बघता चेंडू ढकलून मोकळी होतात. तीन टचपासून सुरू करून दोनवर यावे. एक टच मुलांनी आपणहून निवडावा.

नेमके काय शिकवायचे

चेंडू अ कडे आहे. ब त्याच्या डाव्या कडेवर, ड उजव्या कडेवर आणि क समोर. मधला थेट अ वर धावला तर ब आणि ड दोघेही मोकळे राहतात. जाणता मधला तसे करत नाही. तो थोडा वळसा घालून येतो आणि ड कडे जाणारी वाट अंगाने बंद करतो. आता ड त्याच्या सावलीत आहे. तो जागेवर थांबला तर संघाचा एक खेळाडू फुकट गेला. तो कडेने दोन-तीन पावले अ च्या दिशेने सरकला की नवी वाट उघडते. चेंडू जवळ नसताना केलेली ही दोन-तीन पावले हाच रोंडोतला मुख्य धडा आहे, आणि मुले नेमकी तीच विसरतात.

दुसरा धडा अंगाच्या ठेवणीचा. पास घेणाऱ्याने चेंडूकडे छाती करून उभे राहू नये. अंग तिरके ठेवावे, म्हणजे देणारा आणि पुढचा पर्याय एकाच नजरेत येतात, आणि चेंडू लांबच्या पायावर घ्यावा. जवळच्या पायावर घेतलेला चेंडू पुन्हा आला त्याच दिशेला जातो, लांबच्या पायावर घेतलेला चेंडू खेळाची दिशा बदलतो. त्यामुळे देणाऱ्यानेही कुठला पाय हे ठरवून पास द्यायचा. जोरही महत्त्वाचा, कारण हळू पास चालू असतानाच मधला पोहोचतो.

तिसरा धडा मान वळवून पाहण्याचा. चेंडू पायाशी आल्यावर नव्हे, तो वाटेत असताना पाहायचे. इथे ओरडून सूचना देण्यापेक्षा प्रश्न विचारणे उपयोगी पडते. खेळ थांबवून ‘चेंडू येत होता तेव्हा मधला कुठे होता?’ एवढेच विचारावे. मुलाला उत्तर देता आले नाही की चूक कुठे झाली हे त्याला स्वतःलाच कळते. मात्र एका फेरीत एकदाच थांबवावे. सतत शिट्टी वाजवणाऱ्या प्रशिक्षकाची मुले खेळाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघू लागतात.

पाचास दोन खेळताना (साधारण १० ते १२ मीटर चौकोन) बचावाचाही धडा सुरू होतो. दोन मधल्यांपैकी एक चेंडूवर जातो, दुसरा त्याच्या तिरका मागे राहून दोघांमधली फट बुजवतो. दोघे एका रेषेत आले की त्या फटीतून पास निघतो. शेजाऱ्याला दिलेला पास सुरक्षित, पण त्याने फारसे काही उघडत नाही. दोघांच्या मधून गेलेला पास सामन्यात मधली फळी भेदणाऱ्या पासाइतका मोलाचा. म्हणून पास मोजण्याची स्पर्धा लावायची तर मधून गेलेल्या पासाला तीन गुण द्यावेत. नुसती संख्या मोजली तर मुले शेजाऱ्या-शेजाऱ्यांतच चेंडू फिरवत बसतात.

चेंडू गेल्यावर

अनेक ठिकाणी चेंडू हिसकावला गेला की खेळ थांबतो, आणि सामन्यात सर्वांत घातक असणारा क्षण सरावातून गळून जातो. त्यावर साधा उपाय आहे. चौकोनाबाहेर चार-पाच मीटरवर दोन छोटे गोल लावावेत. मधल्यांनी चेंडू मिळताच त्यात मारायचा, बाहेरच्यांनी पाच सेकंदांत तो परत मिळवायचा. एवढ्या बदलाने दोन्ही बाजू सावध होतात.

रोंडोवरचा रास्त आक्षेप इथेच येतो : त्याला दिशा नसते, सामन्याला असते. नुसत्या रोंडोवर वाढलेला संघ चेंडू सुंदर राखतो आणि पुढे सरकत नाही. म्हणून बाराव्या-तेराव्या वर्षापासून दिशा असलेले प्रकार आणावेत. शेजारी-शेजारी दोन चौकोन आखून सहा पासांनंतर चेंडू पलीकडे पोहोचवणे हा एक. चारास चार आणि दोन्ही बाजूंकडून खेळणारे तिघे, हा साधारण २० बाय १२ मीटरचा खेळ दुसरा. त्यात दोन तटस्थ खेळाडू टोकांना आणि एक मध्ये असतो, आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चेंडू नेणे हे उद्दिष्ट असते. गोलरक्षकालाही टोकावर खेळवावे. २०१९पासून गोलकिकचा (गोलसमोरून खेळ पुन्हा सुरू करताना मारलेला) चेंडू पेनल्टी क्षेत्रातच सहकाऱ्याला घेता येतो, त्यामुळे पायाने कच्चा गोलरक्षक संघाला पहिल्याच पासाला अडचणीत आणतो.

सात वर्षांखालील मुलांना रोंडो देऊ नये. त्या वयात चेंडू माझा असतो, आपला नसतो. एकास एक, दोनास एक आणि चार छोट्या गोलांवरचे तीनास तीन हे खेळ त्यांना मानवतात. जर्मनीत लहान गटांसाठी २०२४-२५च्या हंगामापासून छोट्या संघांचे असे सामने सक्तीचे झाले. इंग्लंडमध्ये २०२५-२६च्या हंगामापर्यंत नऊ वर्षांखालील गटापासून सातास सात आणि तेरा वर्षांखालील गटापासून अकरास अकरा अशी चढती मांडणी होती.

मुरमाच्या आणि शेताच्या मैदानांवर

पुस्तकातली मापे बहुधा सपाट हिरवळीसाठी असतात. महाराष्ट्रातली बरीचशी शालेय मैदाने मुरमाची किंवा लाल मातीची आहेत. गोव्यात भातकापणी झाली की शेतातच खेळ रंगतो. अशा जमिनीवर चेंडू उडतो आणि पहिला टच चेंडू शांत करण्यातच जातो. तिथे चौकोन प्रत्येक कडेला दीड-दोन मीटरने मोठा घ्यावा, दोन टचांचे बंधन तीनवर न्यावे आणि चेंडूत हवा किंचित कमी ठेवावी. पावसाळ्यात चिखल झाला की उलटी अडचण येते : चेंडू वाटेत थांबतो. तेव्हा कडा आत घ्याव्यात, आणि जमिनीवरचा पास अडत असेल तर कमी उंचीचा उचललेला पास चालेल असे आधीच सांगावे. उन्हाळ्यात मुरूम तापतो आणि पडले की गुडघे सोलतात, म्हणून सकाळी आठच्या आत सराव उरकावा आणि मार्करांची जागा दर आठवड्याला बदलावी, नाहीतर त्याच चौकोनात खड्डा पडतो.