कोडिंग शिकवायला ब्रिटनला जायचंय? चॅरिटी वर्कर व्हिसाची पात्रता, कागदपत्रं आणि अर्ज

"पगार घेणारच नाही, मग वेगळा व्हिसा कशाला? टुरिस्टवर जाऊन शिकवून येते." आयटीतल्या मंडळींकडून हे हमखास ऐकू येतं. पण ब्रिटनच्या लेखी बिनपगारी कामही कामच असतं. व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत स्वयंसेवा करता येते, पण एकूण ३० दिवसच, आणि तेही भेटीचं मुख्य कारण नसलं तर. गरीब वस्तीतल्या पंधरा वर्षांच्या पोरांना पायथॉन किंवा पोस्टर डिझाइन शिकवायचं तर महिनाभरात ती तुमच्याशी नीट बोलायलाही लागत नाहीत. म्हणून सरळ रस्ता: टेम्पररी वर्क गटातला चॅरिटी वर्कर व्हिसा. मुदत जास्तीत जास्त १२ महिने.

पात्रता

वय १८ पूर्ण हवं. पदवीची अट नाही, इंग्रजीची परीक्षाही नाही. खरी अट म्हणजे प्रायोजक. ब्रिटनच्या गृहखात्याचा परवाना असलेल्या धर्मादाय संस्थेनं तुम्हाला सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप द्यायला हवं. नावात सर्टिफिकेट असलं तरी हातात कागद येत नाही. ही संगणकावरची नोंद असते आणि तुम्हाला मिळतो तो तिचा क्रमांक. तो मिळाल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा.

परवानाधारक प्रायोजकांची यादी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत उतरवून घेता येते. संस्थेचं नाव आहे का, आणि नावापुढे चॅरिटी वर्कर हा प्रकार आहे का, दोन्ही बघा. सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण मुलांना कोडिंग शिकवणाऱ्या बऱ्याच छोट्या संस्थांकडे हा परवाना नसतो. मधल्या एजंटानं "स्पॉन्सर आम्ही देतो" म्हटलं तरी आधी यादी उघडा.

काम कोणतं चालतं

काम संस्थेच्या धर्मादाय उद्देशाला थेट हातभार लावणारं हवं. मुलांचा वर्ग घेणं त्यात बसतं. संस्थेची वेबसाइट सांभाळणं, देणग्या गोळा करणं, ऑफिसची कारकुनी बसत नाही. डिझाइनरनी हे विशेष लक्षात ठेवावं. "आठवड्यातून दोन दिवस वर्ग, तीन दिवस आमचा लोगो आणि सोशल मीडिया" असं संस्थेनं ठरवलं असेल तर तो तुमच्या व्हिशाच्या चौकटीबाहेरचा उद्योग आहे. कामाचं वर्णन लेखी मागून घ्या. पगार किंवा मानधन घेता येत नाही, प्रवासासारखा वाजवी खर्च परत मिळू शकतो. कायमस्वरूपी जागाही भरता येत नाही.

पैसे: अर्ज फसतो तो इथे

खात्यात किमान १,२७० पौंड, म्हणजे साधारण दीड लाख रुपये, सलग २८ दिवस हवेत. सरासरी बघत नाहीत, रोजची शिल्लक बघतात. समजा खात्यात पावणेदोन लाख आहेत, चौदाव्या दिवशी गाडीचा हप्ता गेला, शिल्लक सव्वा लाखावर आली आणि दोन दिवसांनी पगार जमा झाला. संपलं. २८ दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेआधीच्या ३१ दिवसांत यायला हवा. रुपयाचा भाव अर्जाच्या दिवशीचा धरतात, म्हणून वर थोडी गंगाजळी असू द्या.

खातं तुमच्या नावावर हवं, संयुक्त असलं तरी चालेल. एकट्या वडिलांच्या खात्यातली रक्कम धरत नाहीत. आणि आपल्याकडची एक अडचण: गावच्या पतसंस्थेतली ठेव दाखवू नका. पतसंस्था सहकार कायद्याखाली येते, रिझर्व्ह बँकेच्या नियंत्रणाखाली नाही, आणि ब्रिटनला नियामकाच्या देखरेखीखालची, इलेक्ट्रॉनिक नोंदी ठेवणारी वित्तसंस्था लागते. पैसे वेळीच बँकेत वळवा. प्रायोजकानं पहिल्या महिन्याच्या खर्चाची हमी सर्टिफिकेटमध्ये नोंदवली असेल, तर ही सगळी कसरत वाचते.

बाकीची कागदपत्रं

वैध पासपोर्ट, सर्टिफिकेटचा क्रमांक, बँकेचं स्टेटमेंट. मुक्काम ६ महिन्यांहून जास्त असेल तर मान्यताप्राप्त केंद्रातलं क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांची चिठ्ठी चालत नाही. मराठी कागद जोडायचा झाला तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत द्या.

६ महिन्यांची ही रेघ खिशालाही लागते. तिच्यापुढे गेलात की वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार व्हिसा शुल्काशिवाय वेगळा. व्हिसा मात्र स्पॉन्सरशिप सर्टिफिकेटवरच्या कामाच्या मुदतीपेक्षा १४ दिवस जास्त मिळतो, त्यामुळे बरोब्बर सहा महिन्यांचं काम घेतलं की रेघ ओलांडली जाते. पहिल्यांदा जात असाल तर पाच महिन्यांचं काम मागावं, असं माझं मत.

अर्ज

काम सुरू होण्याच्या तीन महिने आधीपासून ऑनलाइन अर्ज करता येतो. शुल्क भरलं की व्हिसा केंद्राची वेळ घ्यायची, तिथे बोटांचे ठसे आणि फोटो. निर्णय साधारण तीन आठवड्यांत.

मुलांसोबत काम असल्यानं संस्था तुमचा पूर्वेतिहास तपासणारच. तिथली डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची तपासणी, स्वयंसेवकांना मोफत असते, पण तिला भारतातली नोंद दिसत नाही. म्हणून पासपोर्ट सेवा केंद्रातून पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट काढून ठेवा, शुल्क ५०० रुपये. पासपोर्टवर सांगलीचा पत्ता आणि मुक्काम हिंजवडीत असला की पोलीस पडताळणीत दिवस जातात. हा अर्ज सगळ्यात आधी टाका.

जोडीदाराच्या नोकरीमुळे डिपेंडंट व्हिसावर तिकडे आधीच असाल, तर यातलं काहीच लागत नाही. त्या व्हिशावर कामाची मुभा असते. जवळच्या ग्रंथालयात कोड क्लब, म्हणजे मुलांचा कोडिंगचा वर्ग, चालतो का, एवढं विचारायचं. डीबीएस तेवढी तिथेही होईल.

आणि हो, चॅरिटी वर्कर व्हिसा संपल्यावर लगेच तोच पुन्हा मागता येत नाही. मध्ये १२ महिने जावे लागतात.