ऑक्सफर्डचं चॅपेल आणि 'युनिटेरियन' शब्दाचा गुंता

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला जिथे शिकले ते मँचेस्टर कॉलेज, आताचं हॅरिस मँचेस्टर. तिथलं चॅपेल, म्हणजे कॉलेजचं प्रार्थनामंदिर, बघायला जाणार असाल तर आधी नावाचाच घोळ, कॉलेज ऑक्सफर्डात आणि नाव मँचेस्टर. १७८६ ला मँचेस्टरला सुरू झालं, मग यॉर्क, परत मँचेस्टर, मग लंडन अशी बिऱ्हाडं बदलत १८८९ ला इकडे आलं, चॅपेल उघडलं १८९३ ला. एवढा उशीर का, तर ऑक्सफर्डात चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ श्रद्धा-कलमांवर सही केल्याशिवाय प्रवेशच नसायचा, ती अट १८५४ पासून सैल झाली आणि १८७१ च्या कायद्याने बरीचशी गेली. त्याआधी, १८१३ पर्यंत, त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एक देव हे मत, नाकारणं इंग्लंडात गुन्हाच होता.

आता 'युनिटेरियन', म्हणजे या कॉलेजमागची बहुतेक मंडळी ज्या ख्रिस्ती पंथाची, तो. आपल्याकडे 'एकेश्वरवादी' लिहून मोकळे होतात, मला ते पटत नाही. एकेश्वरवादी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर मूर्तिपूजा सोडलेली माणसं येतात, म्हणजे थेट प्रार्थना समाज. युनिटेरियनांचं भांडण अनेक देवांशी नव्हतंच, ते होतं त्रैक्याशी, देव एकच आणि येशू माणूस असं यांचं म्हणणं. त्यात कॉलेजने हा शिक्काही स्वतःवर मारून घेतला नाही, कुठलंही मत मान्य करायची सक्ती न करता धर्मशास्त्र शिकवायचं हे त्यांचं पहिल्यापासूनचं धोरण. म्हणून तर प्रार्थना समाजाचा एक तरुण ख्रिस्ती न होता, तिथल्याच युनिटेरियन मंडळींच्या शिष्यवृत्तीवर तिथे दोन वर्षं शिकू शकला. सही मागणाऱ्या जुन्या ऑक्सफर्डच्या कुशीत ही गोष्ट घडली, याचं मला फार मोल वाटतं, आणि आपल्याकडे ते पुरेसं सांगितलं जात नाही.

चॅपेलमध्ये गेलात की सृष्टीच्या सहा दिवसांच्या रंगीत काचा सावकाश बघा. चित्रं एडवर्ड बर्न-जोन्स या इंग्रज चित्रकाराची, काचकाम त्याचा मित्र विल्यम मॉरिसच्या कारखान्याचं. देवदूताच्या हातात एक गोळा आणि त्या गोळ्यात त्या दिवशी जे निर्माण झालं ते, अशी प्रत्येक खिडकी.

शिंद्यांनी १९०३ ला परत येताना ॲमस्टरडॅमच्या उदारमतवादी धर्म परिषदेत निबंध वाचला तो हिंदुस्थानातल्या 'उदार धर्मा'वर. युनिटेरियनला मराठी शब्द हवाच असेल तर मी हाच घेईन.