डोले, कर्ल आणि 'आयसोलेशन': नवशिक्यांच्या वादामागची पार्श्वभूमी

'पहिले सहा महिने बायसेप मारूच नकोस. बेंच (पडून वजन ढकलणं), रोइंग (वजन अंगाकडे ओढणं), पुल-अप कर, दंड आपोआप भरतो.' म्हणजे बायसेपचा, दंडाच्या पुढच्या स्नायूचा, वेगळा व्यायाम टाळ. जिममध्ये नव्याने आलेल्या मुलाला हा सल्ला हमखास मिळतो. सांगणाऱ्याला तो पूर्वापार चालत आलेला वाटतो, पण सध्याच्या रूपात तो साधारण २००५ नंतरचा आहे.

तालमीत हा प्रश्न फारसा उठत नसे. जोर, मुद्गल, मल्लखांब, आखाड्याची माती उकरणं यांतून दंड कमावला जाई तो कुस्तीसाठी. एकेक स्नायू सुटा घेऊन आरशासमोर घडवायची कल्पना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपात हलक्या डंबेलबरोबर लोकप्रिय झाली. तिचा सर्वांत गाजलेला प्रचारक १९०५ च्या सुमारास भारतातही प्रयोग करून गेला. पुढे १९३०-४० च्या दशकांत अमेरिकेत नवशिक्यांसाठी आठवड्याला ३ दिवस संपूर्ण शरीराचे कोर्स निघाले, आणि त्यांत स्क्वॉट, प्रेस यांच्या जोडीला बारबेल कर्ल (कोपर वाकवून वजन वर आणणं) सर्रास असे. एकाच स्नायूसाठीची मशीन १९७० नंतर पसरली. आपल्याकडे अजून चालणारी 'चेस्ट-ट्रायसेप, बॅक-बायसेप' (एका दिवशी छाती आणि दंडाचा मागचा स्नायू, दुसऱ्या दिवशी पाठ आणि पुढचा) ही वाटणीही शरीरसौष्ठवाच्या त्याच जगातून आलेली आहे.

या वाटणीला विरोध म्हणून २००० नंतर बारबेलचे मोजके व्यायाम देणारे कार्यक्रम पुढे आले. त्यांचा हेतू ताकद वाढवण्याचा होता. दंडाचा घेर किती वाढला हे त्यांत कुणी मोजत नव्हतं. शिवाय अशा कार्यक्रमांत चिन-अप (तळवे स्वतःकडे ठेवून केलेले पुल-अप) असत. सल्ला तोंडोतोंडी फिरताना हेतू मागे पडला आणि बरेचदा चिन-अपही गळाले. उरलं ते एवढंच: नवशिक्याला आयसोलेशन, म्हणजे एकाच स्नायूचा सुटा व्यायाम, नको.

खरा घोळ या 'आयसोलेशन' शब्दात आहे. शब्दशः घेतला तर असा व्यायामच नाही. कर्ल मारताना बायसेपखालचा ब्रॅकिआलिस आणि मनगटाकडे उतरणारा ब्रॅकिओरेडिआलिस हे स्नायूही राबतात, खांदा वजन सावरून धरतो. म्हणून संशोधक एकसांधी (एकच सांधा हलवणारे) आणि बहुसांधी असे शब्द वापरतात. ते नेमके आहेत, पण दंडाला काम किती पडलं हे त्यांतून कळत नाही. वाकून डंबेल रो मारताना स्वतःच्या हाताकडे बघा. कोपर मागे जातं, पण कोपरापासून मुठीपर्यंतचा हात जवळपास सरळ खाली लोंबत राहतो आणि डंबेल कोपराच्या बरोबर खाली येतो. कोपर वाकवायला जोर फारसा लागत नाही. ओढतात ते पाठ आणि खांदा. चिन-अपमध्ये तळवे स्वतःकडे असतात, अंगाचं सगळं वजन हातांवर असतं आणि कोपर पूर्ण सरळपासून पूर्ण मुडपेपर्यंत जातं. कागदावर दोन्ही बहुसांधी, दंडाच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी.

गेल्या काही वर्षांतले परस्परविरोधी वाटणारे निष्कर्ष मला या फरकामुळेच समजतात. २०१५ मध्ये ब्राझीलमधल्या एका अभ्यासात २९ नवख्या तरुणांपैकी काहींनी फक्त लॅट पुलडाऊन (बसून वरची दांडी छातीकडे ओढणं, त्यात कोपर चिन-अपसारखंच वाकतं) केलं, काहींनी फक्त कर्ल. १० आठवड्यांनी दोन्ही गटांत कोपर वाकवणाऱ्या स्नायूंची जाडी सुमारे ६ टक्के वाढली. त्याआधी, २०१३ मध्ये, बहुसांधी व्यायामांना एकसांधीची जोड देऊनही नवख्यांच्या दंडात वेगळा फायदा दिसला नव्हता. 'बघा, कर्लची गरज नाही' म्हणणारे हेच दोन अभ्यास पुढे करतात. पण नंतर ब्राझीलमध्येच १० नवख्या पुरुषांनी एका हाताने डंबेल रो आणि दुसऱ्या हाताने कर्ल केले. ८ आठवड्यांनी रोच्या हातात वाढ सुमारे ५ टक्के होती, कर्लच्या हातात ११.

म्हणजे पाठीच्या दिवशी नुसतं रोइंग करणाऱ्या मुलाला 'डोले आपोआप येतील' सांगणं मला चुकीचं वाटतं. तो मनापासून मेहनत करतो, तीन महिन्यांनी टेप लावतो आणि हिरमुसतो. कर्लचे दोन-तीन सेट त्याची दहा मिनिटं घेतील.

ट्रायसेपबद्दल वाद कमी होतो. खरं तर दंडाचा मोठा भाग तोच. त्याच्या तीन भागांपैकी एक, 'लांब डोकं' (लाँग हेड), खांद्याच्या पात्यापासून निघतं, म्हणून बेंच प्रेसमध्ये त्याला पुरेसं काम मिळत नाही, असं स्पष्टीकरण दिलं जातं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४३ तरुणांच्या १० आठवड्यांच्या अभ्यासात हे लांब डोकं नुसत्या बेंच प्रेसपेक्षा, झोपून केलेल्या ट्रायसेप एक्स्टेंशनने स्पष्टपणे जास्त वाढलं. दोन वर्षांनी आलेल्या आणखी एका अभ्यासात १२ आठवडे एक हात डोक्यावर उचलून आणि दुसरा अंगालगत ठेवून केबल एक्स्टेंशन (केबल ओढत कोपर सरळ करणं) करून पाहिलं. डोक्यावरच्या हातात लांब डोक्याची वाढ दुसऱ्या हातातल्या वाढीच्या जवळपास दीडपट होती.