पॉपरमध्ये दारू नसते

वैशाखातलं लग्न जळगावचं असो की शहाद्याचं, हार घालायला नवरदेव-नवरी उभे राहिले की दोन्ही बाजूंनी ‘फट्ट’ आवाज होतो आणि चमकीचा पाऊस पडतो. फटाका फुटला म्हणून म्हातारी माणसं दचकतात. पण धूर नाही, वास नाही. कुणीतरी हातातली पुठ्ठ्याची नळी, म्हणजे पॉपर, पिळली, एवढंच.

नळीच्या बुडाशी धातूची छोटी बाटली असते, हवा किंवा नायट्रोजन दाबून भरलेली. खालचा भाग फिरवला की अडकवलेली स्प्रिंग सुटते, बाटलीचं तोंड उघडतं आणि आतला वायू क्षणात पसरून वर ठासलेल्या चमकीच्या टिकल्या बाहेर ढकलतो. दाब एकदम मोकळा झाल्याने भोवतालच्या हवेत धक्क्याची लाट जाते, तोच तो आवाज. ढकलायला लागणारी ऊर्जा वायू स्वतःच्या उष्णतेतून काढतो. म्हणून बाहेर पारा ४५ वर असला तरी नुकत्याच उडवलेल्या पॉपरमधली बाटली गार पडलेली असते.

भुसावळच्या उन्हात पॉपर आपोआप फुटेल का? हिशेब करू. बंद बाटलीतला दाब तापमानाच्या प्रमाणात वाढतो, पण ते तापमान उणे २७३ अंशांपासून मोजायचं. पहाटेचे २७ अंश म्हणजे ३०० केल्विन, दुपारचे ४७ म्हणजे ३२०. दाब वाढला जेमतेम ७ टक्के! काचा बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत ६७ अंश झाले, तर १३ टक्के. चांगली बाटली एवढं सोसते. स्वस्त मालाच्या बुचावर मात्र माझा भरवसा नाही. खोकं सावलीतच बरं.

दोरी ओढायचा इवलासा पॉपर वेगळा. त्यात खरंच दारू असते, काही मिलिग्रॅम: तांबडा फॉस्फरस आणि पोटॅशियम क्लोरेट. काडेपेटीत या दोघांना मुद्दाम लांब ठेवतात, एक पेटीच्या कडेला, दुसरा काडीच्या गुलात. इथे ते एकत्र असतात आणि दोरीचं घर्षण पेटायला पुरतं.

खरी मौज पुढे आहे. एक टिकली हाताने जोरात फेकून बघा, दोन हातसुद्धा जात नाही. वजन नगण्य, पसारा मोठा. हवा तिला लगेच अडवते. पॉपरमधून त्याच टिकल्या मांडवाच्या छताला लागतात, कारण त्या सुट्या निघतच नाहीत, गठ्ठ्याने निघतात. गठ्ठ्याला वजन जास्त आणि हवेला भिडणारी बाजू त्यामानाने कमी. वर जाऊन तो विस्कटला की प्रत्येक टिकलीचा वेग मरतो. नळीच्या तोंडाशी डोळा नेऊ नये तो याचसाठी: तिथे टिकल्या नसतात, ठोसा असतो.

खाली येताना लांबट पट्टी सरळ पडत नाही, स्वतःभोवती गरगरत एका बाजूला सरकत जाते. पट्टी कलली की हवेचा जोर मध्यावर न पडता पुढच्या कडेकडे पडतो आणि तिला वळवत राहतो. भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८५४ साली या फिरण्यावर निबंध लिहिला होता. त्याची गाजलेली विद्युतचुंबकत्वाची समीकरणं त्यानंतरची!

चमकी म्हणजे पॉलिस्टरवर ॲल्युमिनियमचा मुलामा. ती कुजत नाही आणि तिच्यातून वीज वाहते. शेतातल्या मांडवावरून तारा गेलेल्या असतील तर साध्या कागदाचा पॉपर आणलेला बरा, आणि तोही तारांखाली नको.